पायाच्या करंगळीचा समेट

फय्याद पिकअप मागे घेत होता आणि उक्ला मागे उभा राहून "ये, ये, ये" करत होता. "बस!" म्हणायची वेळ आली नेमकी तेव्हाच उक्लाला शिंक आली. गाडीचा हलकासा धक्का लागून तो जैतुनाच्या पोत्यांवर बसला आणि वरचं एक पोतं घसरून त्याच्या उजव्या पायावर पडलं. झालं ते एवढंच. शुक्रवारची दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती, त्यामुळे झोपमोडही कुणाची झाली नाही.

"मेलास का रे?" फय्यादने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"नाही."

"मग ऊठ की! घाण्यावर चारचा नंबर आहे."

उक्ला आणि फय्याद दोघंही त्रेसष्ट वर्षांचे, शाळेत एका बाकावर बसून एकाच मास्तरचा मार खाल्लेले. सव्वीस वर्षं त्यांचा रिवाज ठरलेला होता. झाडं उक्लाची, गाडी फय्यादची, तेल दोघांचं. घाण्यावर पहिलं तेल निघालं की तिथेच उभ्याउभ्या भाकरी बुडवून खायची आणि मग डबे भरायचे. यंदा अकरा पोती भरली होती. आमच्या अजलूनच्या डोंगरात हंगामाच्या दिवसांत घाण्याचा नंबर चुकला की काय होतं हे लहान मूलसुद्धा सांगेल. जैतून पोत्यात गरम होतं, मग बुरशी धरतं, आणि तेल असं आंबट निघतं की दिव्यात घालायच्याही लायकीचं राहत नाही.

उक्लाने बूट काढून पाहिलं. करंगळी सुजून लाल झाली होती. "बर्फ लाव आणि चल," फय्याद म्हणाला. उक्लाही "चल" म्हणाला. सगळं तिथेच मिटत होतं, पण तेवढ्यात उक्लाचा पुतण्या ऐहम तिथून चालला होता. ऐहमचं मोबाइलचं दुकान आहे, वय पस्तीस आणि अंगात उत्साह पंधराचा. पाय धरून पोत्यांत बसलेल्या काकांचा त्याने फोटो काढला आणि कुतैलात घराण्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "उक्लाकाकांना रुमैहातांच्या गाडीने उडवलं. दुआ करा."

पंधरा मिनिटांत अंगणात नऊ गाड्या आल्या.

कुतैलात हे आमच्या गावातलं सगळ्यात लहान घराणं. सगळे पुरुष मिळून चौतीस, त्यातले सहा आखाती देशांत. फय्यादचे रुमैहात मात्र गावभर पसरलेले. नऊ गाड्यांतून उतरलेल्या माणसांत सगळ्यात शेवटी हाजी निमर उतरले. ते घराण्याचे वडीलधारे, वय ऐंशी, हातात काठी, आणि ती आधारापेक्षा जमिनीवर आपटायलाच जास्त लागायची.

"हा इथे उभा कसा?" त्यांनी काठी फय्यादकडे रोखली.

"जैतून भरतोय, हाजी," फय्याद म्हणाला.

"आमच्या माणसाला चिरडून वर त्याचंच जैतून भरतोयस? गाडी घेऊन नीघ इथून. पोरं चिडलीयत, काचा फोडतील."

चिडलेली पोरं तेव्हा उक्लाच्या बायकोने आणलेला चहा पीत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे लक्षात येताच त्यांनी घाईघाईने कप खाली ठेवले आणि भुवया आकसल्या.

"हाजी, अहो काही झालेलं नाही," उक्ला म्हणाला. "मीच शिंकलो. मी त्याला माफ केलंय."

"तू माफ केलंस?" हाजींचा आवाज चढला. "तू कोण माफ करणारा?"

"माझी करंगळी आहे हो!"

"करंगळी तुझी असेल. अपमान घराण्याचा आहे."

उक्लाने हातातला बूट खाली ठेवला. त्याने फय्यादकडे पाहिलं. फय्यादने खांदे उडवले, रिकामी पिकअप घेतली आणि तो गेला. चारचा नंबर हुकला.

फय्याद गेल्यावर हाजी उक्लाजवळ येऊन बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ऐक, उक्ला. मी आयुष्यात सात जाहा घेऊन गेलो. आपला कोणी कुणाला धडकला, आपल्या शेळ्या कुणाच्या मळ्यात शिरल्या, की चार वडीलधारी माणसं घ्यायची, गाड्या जमवायच्या आणि दुसऱ्याच्या दारात माफी मागायला जायचं. सात वेळा पुढ्यात कॉफी ठेवून, ती गार होत जाताना बघत बसलोय मी. समोरचा 'घ्या' म्हणेपर्यंत ओठाला लावायची नाही. आणि आपल्या दारात? एकदाही कोणी आलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही! आपलं वाईट करण्याइतकीसुद्धा आपली दखल कोणी घेतली नाही रे." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "आता अल्लाने दिवस दाखवलाय, तर तू मध्ये येऊ नकोस."

उक्ला मवाळ माणूस. पोस्टात तीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खाल्लेला. तो गप्प बसला, आणि तिथेच फसला.

दवाखान्यात ड्रेसिंग करणारा बस्साम हा कुतैलातांचाच जावई. त्याने करंगळी दाबून पाहिली आणि बर्फाची पिशवी काढली.

"हे काय?" हाजी म्हणाले. "रुमैहातांकडून बाशाच येतील जाहा घेऊन. एवढे निवृत्त मेजर जनरल! त्यांना बर्फ दाखवू?"

"पण हाजी, मोडलेलं नाहीये."

"एक्स-रे काढलास?"

"मशीन बंद आहे."

"मग मोडलं नाही हे कशावरून म्हणतोस?"

बस्सामने बर्फाची पिशवी परत ठेवली. त्याने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं.

त्याच संध्याकाळी रुमैहातांनी मध्यस्थ पाठवून अतवा घेतली. अतवा म्हणजे तीन दिवस आणि एक तृतीयांशाची तहकुबी. तेवढ्या मुदतीत कुणी कुणावर हात उगारायचा नाही, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना भेटायचंही नाही. मंगळवारी दुपारी जाहा यायची ठरली. उक्लाला हे शनिवारी कळलं, तेही ग्रुपवर.

त्याच दिवशी घाण्याच्या मालकाचा निरोप आला. एक नंबर रिकामा झालाय, मंगळवारी चार वाजता. तो हुकला तर बारा दिवसांनी.

"मंगळवारी?" उक्लाने कपाळावर हात मारला. "ऐहम, बाळा, तुझी गाडी घे आणि पोती तेवढी पोचव."

"काका, माझी गाडी मंडप आणायला जायचीय. सगळ्यांच्याच गाड्या कामात आहेत. तीनशे खुर्च्या सांगितल्यात."

"अरे, जैतून सडेल!"

"हाजी म्हणाले सडू दे. जखमी माणसाच्या घरून घाण्यावर पोती गेली तर लोक म्हणतील, यांना काय दुःख झालंय? आणि सडलं तर बरंच आहे म्हणाले, नुकसानीत धरता येईल."

एवढं बोलून ऐहमने काकांचा मोबाइल उचलून खिशात टाकला. "फय्यादचे सात मिसकॉल आहेत. अतवा चालू असताना समोरच्या पक्षाचा फोन घेतात का काका? शोभतं का?"

उक्लाचा पाय दिवसेंदिवस वाढत गेला. शनिवारी गावात तो घोट्यापर्यंत मोडला होता. रविवारी इरबिदमध्ये मांडीपर्यंत मोडला. सोमवारी झर्काहून त्याची मावसबहीण रडत आली, कारण तिला खुबा गेल्याचं कळलं होतं. ती दारातूनच हंबरडा फोडत आत शिरली आणि उक्ला चुलीजवळ उभा राहून अंडी तळताना दिसला तेव्हा तिला फार वाईट वाटलं.

"ठीक आहेस की तू!" ती रागाने म्हणाली. "एवढ्या लांबून आले मी!"

उक्लाला खरोखरच अपराधी वाटलं. तो जाऊन पलंगावर आडवा झाला.

रोज सकाळी त्याची बायको, उम्म शाहिर म्हणजे शाहिरची आई, पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून पाहायची. सोमवारी ती हात पुसत आत आली. "अबू शाहिर, आत हाताला पार गरम लागतंय. उद्याचा नंबर गेला तर वर्षभर काय खायचं? दुकानातलं तेल? आपल्या घरात?"

"मी काय करू? माझं कोण ऐकतंय?"

"तुम्ही बोलून तर बघा जरा मोठ्यांदा!"

"बोललो ना. हाजी म्हणाले, दुखण्याने चिडचिडा झालाय."

 उम्म शाहिर ज्या पद्धतीने भांडी घासायला बसली त्यावरून उक्लाला सगळं कळलं. रात्री पडल्या पडल्या त्याला एकच विचार छळत होता, आणि तो तेलाचा नव्हता. सव्वीस वर्षांत चार दिवस फय्यादशी बोलला नाही असं कधी झालं नव्हतं. गड्याला वाटत तर नसेल ना की हे सगळं मीच चालवलंय?

मंगळवारी मंडप उभा राहिला. खुर्च्या मावेनात म्हणून पोती उचलून घरामागे उताराच्या कडेला नेऊन टाकली. ऐहमने ध्वनिक्षेपक लावला आणि "एक, दोन, एक, दोन" म्हणत अर्धा तास गावाची डोकी उठवली. साडेतीनला जाहा आली. त्रेचाळीस गाड्या! हाजी निमर उन्हात उभे राहून एकेक गाडी मोजत होते, ओठ हलत होते. आयुष्यात इतके सुंदर दिसले नव्हते ते.

सगळ्यात पुढे झग्यासारखा अबा पांघरलेले बाशा. उक्लाला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पण वयाने मोठा माणूस दारात आला की उठायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो उठला. दोन्ही पायांवर उठला आणि दोन पावलं पुढे गेला.

"बस खाली!" हाजी दातओठ खात पुटपुटले.

तो बसला.

"कसं आहे आता, अबू शाहिर?" बाशांनी विचारलं.

"अल्लाची मेहेरबानी. काही नाही हो, जरा करंगळी—"

"पाहिलंत?" हाजी मध्येच ओरडले. "पाहिलंत, बाशा? हाड मोडलंय तरी तुमच्या मानाखातर उभा राहिला! शुद्ध नाहीये त्याला, करंगळी म्हणतोय!"

मंडपात हळहळ पसरली. रुमैहातांकडच्या दोन म्हाताऱ्यांनी रुमालाने डोळे टिपले. हाजींनी ऐहमला खूण केली. "आत ने याला. निजव आणि दार लाव. समेट होईपर्यंत बाहेर दिसता कामा नये, सगळं बिघडवेल हा."

अशा रीतीने उक्लाला त्याच्या स्वतःच्या समेटातून उचलून मागच्या खोलीत ठेवण्यात आलं. बाहेर बाशांच्या पुढ्यात कॉफी ठेवली गेली आणि त्यांनी ती बाजूला सरकवली. भाषणं सुरू झाली. हाजी निमर आपल्या अटी सांगू लागले. फय्यादने घर सोडावं, गाव सोडावं, जमलं तर जिल्हा सोडावा. या अटी नंतर पाहुण्यांच्या मानाखातर एकेक करून मागे घ्यायच्या असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाजी चाळीस वर्षांचं साठवून बसले होते, त्यामुळे अटीच संपेनात.

मागच्या खिडकीवर टकटक झाली.

उक्लाने खिडकी उघडली. बाहेर फय्याद उभा होता, स्वच्छ धुतलेला सदरा, दाढी केलेली.

"तू इथे काय करतोयस?" उक्ला दचकून म्हणाला. "समेट चाललाय पुढे!"

"मला कुठे बोलावलंय? गुन्हेगाराने जाहाबरोबर यायचं नसतं. घरात बसून राहा म्हणाले. सदरा घालून बसलो होतो, कंटाळलो." त्याने आत डोकावून पाहिलं. "पण तू आत काय करतोयस?"

"मलाही आत घातलंय."

"मग बाहेर कोण आहे?"

"बाकी सगळे."

 पुढून हाजींचा आवाज घुमत होता.

"उक्ल्या," फय्याद खालच्या आवाजात म्हणाला, "पाय खरंच मोडला का रे? मला सांग खरं. चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"अरे गाढवा, करंगळी ती! सूजसुद्धा उतरली कालच. हे बस्सामचं काम आहे." उक्लाने प्लास्टर भिंतीवर आपटून दाखवलं. फय्यादचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच त्याला राग आला.

"मग बसलायस काय असा? पावणेचार झालेत! गाडी मागे उतारावर उभी आहे."

दार उघडून उम्म शाहिर आत आली. तिने फय्यादकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बाह्या वर सारल्या. "भाऊजी, तुम्ही तिकडून धरा. मी इकडून. आणि तुम्ही, अबू शाहिर, खिडकीतून उतरा. सांभाळून, खरोखरचा मोडाल."

ध्वनिक्षेपक होता म्हणून निभावलं. अकरा पोती चढली, ती सगळी हाजींच्या भाषणाच्या आडोशाने. सहाव्या पोत्याला हाजी रुमैहातांच्या आजोबांपर्यंत पोचले होते. उक्ला प्लास्टरचा पाय पुढे काढून गाडीत बसला. फय्यादने इंजिन सुरूच केलं नाही, नुसता ब्रेक सोडला आणि गाडी उतारावरून गुपचूप खाली निघाली.

घाण्यावर मालकाने प्लास्टरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "चार म्हणजे चार," म्हणाला आणि पोती ओतायला लागला.

वरच्या चार पोत्यांतलं जैतून ठीक होतं, खालची जरा गरम झाली होती, पण वाचली. दाट, हिरवंगार तेल नळीतून पडू लागलं तेव्हा उक्लाला एकदम भरून आलं. फय्यादने खिशातून कागदात गुंडाळलेली भाकरी काढली. दोघांनी डब्यांच्या ढिगाला टेकून वाडग्यात भाकरी बुडवली. जीभ झोंबली, घसा खवखवला. तेल उत्तम होतं.

"मला वाटलं, तू माझ्यावर रुसलास," फय्याद म्हणाला.

"मला वाटलं, तुला वाटेल मी रुसलोय."

तेवढ्यात फय्यादचा फोन वाजला. उम्म शाहिर होती. उक्लाने फोन कानाला लावला.

"मुबारक हो," ती म्हणाली. "समेट झाला. तुम्ही माफ केलंत."

"मी? कधी?"

"चार वाजून वीस मिनिटांनी. हाजींच्या तोंडून. फार छान बोललात म्हणे, बाशांना हुंदका आवरेना. त्यांनी कॉफी घेतली, सगळ्यांनी मिठी मारली. पण अहो, मग पाहुणे गाड्यांकडे निघाले आणि ऐहमला दिसलं की पोती नाहीत."

"अगं मग सांग ना त्यांना! मीच आणलीयत म्हणावं!"

"सांगितलं. हाजींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी खोलीचं दार उघडलं, रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, दार पुन्हा लावलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, 'उक्ला झोपलाय. औषधाची गुंगी आहे. कुणी उठवू नका.'"

"अरे देवा."

"आता तीनशे माणसांसमोर पाय मोडलेला माणूस पोती घेऊन जाईल कसा? बरं, वळणावर कुणीतरी भाऊजींची गाडी बघितलीय. समेट चालू असताना पाहुण्यांच्या घराण्यातल्याने चोरी केली! बाशा शरमेने लाल झाले हो. त्यांनी स्वतः उठून नवी अतवा मागितली. आज सूर्य मावळला की मगरिबपासून तीन दिवस आणि एक तृतीयांश. शनिवारी पुन्हा जाहा. मंडप काढू नका म्हणाले."

"आणि हाजी?"

"हाजी?" उम्म शाहिरने आवाज खाली आणला. "तुम्हाला खरं सांगू, मी त्यांना असं हसताना कधी बघितलंच नाही. शनिवारी साठ गाड्यांखाली बोलणं नाही म्हणतायत. तुम्ही अंधार पडल्यावर खिडकीतून या. आणि डबे विहिणीकडे ठेवा, घरी आणलेत तर चोरी खोटी पडेल."

उक्लाने फोन परत दिला आणि झालं ते सगळं सांगितलं. फय्यादने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने दाराबाहेर पाहिलं. सूर्य डोंगरावर हातभर उरला होता.

"मगरिबला अजून पाऊण तास आहे," तो म्हणाला. "तोवर बोलता येईल."

"हो."

"मग परत चार दिवस नाही."

"नाही."

फय्यादने राहिलेली भाकरी मोडली आणि मोठा तुकडा उक्लाच्या हातात ठेवला.  मग फय्यादने विचारलं, "उक्ल्या, शनिवारी मला माफ करशील ना रे?"

उक्लाने घास गिळला, बोटांवरचं तेल चाटून पुसलं आणि वाडगं त्याच्याकडे सरकवलं.

"माझ्या हातात थोडंच आहे?" तो म्हणाला. "हाजींना विचारावं लागेल."